गजराखालचा ठोका

१

आमच्या हिंगणखेडात कार्तिक सरला आणि काळ्या मातीतला ओलावा ओसरला, की सारा गाव एके दिवशी पांधणीवर उतरत असे. पांधण म्हणजे शेतांच्या धुऱ्याबांधांमधून जाणारी गाडवाट. तेल्हाऱ्याच्या सडकेशी आम्हांला जोडणारी तेवढी एकच वाट, आणि पावसाळ्यात तीही चिखलाच्या स्वाधीन. सत्तावन्न साली विकास गटाची जीप तिच्यावरून पहिल्यांदा गावात शिरली, तेव्हा सुवासिनींनी तिच्या चाकांवर पाणी घातले होते. जीपबरोबर डॉक्टर आला, देवीची लस आली, सुधारलेले बियाणे आले. ती वाट जीपच्या लायक राखणे हे मग गावाचे व्रतच झाले.

श्रमदानाच्या सकाळी टिकाव, फावडी, घमेली आणि दुरमुस घोंगडीवर मांडून मी त्यांची पूजा करी. दुरमुस म्हणजे भराव ठोकून घट्ट करायचा जड लाकडी ओंडका. दोघांनी दांड्याला धरून उचलायचा आणि एकदम सोडायचा. अनेक जोड्यांचे ठोके एकाच वेळी पडावेत म्हणून मी पुढे उभा राहून नामाचा गजर सांगत असे. पहिल्या 'विठ्ठल'ला दुरमुस वर, दुसऱ्या 'विठ्ठल'ला खाली, आणि मग श्वासापुरता विसावा. जन्मभर कीर्तनसेवा केलेल्या मला त्या गजरात जे सुख लाभे, ते गाभाऱ्यातही क्वचित लाभले असेल. घाम गाळणारा हात आणि नाम घेणारी वाणी एकाच तालावर आली, की कामाची सेवा होते, अशी माझी समजूत होती.

ज्या वर्षीची ही हकिगत आहे, त्या वर्षी काम नेहमीसारखेच चालले होते. मुरूम पसरला, पाणी शिंपडले, दुरमुस पडू लागले. पुंजाराम माळ्याच्या बागेजवळच्या वळणावर आम्ही आलो आणि त्या श्वासापुरत्या विसाव्यात मला एक ठोका ऐकू आला.

एखादी जोडी मागे पडली असेल, म्हणून मी दुर्लक्ष केले. पुढच्या फेरीला सगळ्यांचे हात माझ्या डोळ्यांसमोर होते. दुरमुस एकदम पडले, एकदम थांबले. आणि विसाव्याच्या नेमक्या मध्यावर, पायांखालून, तो ठोका पुन्हा आला. तो मंद होता, परंतु चुकार नव्हता. आमच्या थांबण्याची वाट पाहून तो येत होता.

जीपचा ड्रायव्हर गोवर्धन चाकाला टेकून विडी ओढत होता. तो हसला. "महाराज, तुमचा देव खालून टाळ वाजवून राह्यला का जी?"

कुणीच हसले नाही. सरपंच केशवराव पुढे आले आणि त्यांनी वहाणेची टाच त्या जागी आपटली. "जमीन पोकळ असन. घुशीयनं कोरली असन. घ्या महाराज, गजर घ्या! जोरानं घ्या! थांबता कायले?"

मी गजर घेतला. केशवरावांनी स्वतःहून त्यात सूर मिळवला. सरपंचांना नामाची गोडी लागली, याचे मला त्या वेळी कौतुकच वाटले.

२

पुंजाराम गेल्याच वर्षी वारला होता. श्रमदानाच्याच दिवशी, वळणाशेजारच्या मुरमाच्या खाणीत कड ढासळून तो गाडला गेला. मी त्या दिवशी शेंदूरजनाघाटला सप्ताहाच्या कीर्तनासाठी गेलो होतो. परतलो तो अंत्यविधीलाच. मला सांगण्यात आले, की तो खाणीत उतरला होता हे कुणालाच ठाऊक नव्हते. विकास गटाचे साहेब दुरुस्त वाटेचे उद्घाटन करून गेल्यावर संध्याकाळी त्याची शोधाशोध झाली, आणि तो सापडला तेव्हा संपलेला होता. त्याच्या उजव्या हाताची मूठ दुरमुसाच्या तुटलेल्या दांड्यावर इतकी घट्ट वळली होती, की दांड्यासकटच त्याला अग्नी द्यावा लागला.

चितेभोवती फिरताना ज्या दगडाने मडके फोडतात, त्या जीवखड्यात मृताचा जीव दहा दिवस वस्तीला असतो, अशी आपली श्रद्धा आहे. त्यालाच पाणी द्यायचे, दहाव्याला त्यालाच निरोप द्यायचा. पुंजारामच्या पुतण्याने तो फडक्यात बांधून बागेतल्या बाभळीला टांगला होता. दहाव्याच्या सकाळी फडके होते, दगड नव्हता. "दगडायचा काय दुष्काळ पडला का?" असे म्हणत केशवरावांनी पांधणीवरचा एक उचलून दिला. हरवल्यास दुसरा घेण्यास शास्त्राची मुभा आहे. विधी पार पडला. कावळा मात्र पिंडाला शिवला नाही. झाडभर कावळे बसून होते, पण एकही उतरला नाही. अखेर दर्भाचा कावळा करून शिववावा लागला.

यातले काही मी त्या ठोक्याशी जोडले नव्हते. टेकडीवरून प्रतिध्वनी येतो. पोकळ जमीन घुमते. वृद्ध कानांत रक्ताचीही धाव ऐकू येते. अशी समजूत घालीत मी दुसऱ्या दिवशी भर दुपारी एकटाच वळणावर गेलो.

बागेत झेंडू फुलला होता. वाटेवर चिटपाखरू नव्हते. बाकीची पांधण टाचेखाली थोडी दबत होती. त्या एका जागी मात्र, माणूस आडवा व्हावा एवढ्या लांबीत, मुरूम फरशीसारखा झाला होता. पडलेला टिकाव घेऊन मी घाव घातला, तर तो उडून बाजूला पडला. वरून ठोकून माती इतकी घट्ट होत नाही. दोन्ही बाजूंनी ठोकली, तरच होते.

हा विचार माझ्या मनात कुठून आला, कळले नाही. मी गुडघे टेकले, कान जमिनीला लावला आणि हलकेच म्हणालो, "विठ्ठल, विठ्ठल."

खालून ठोका आला.

मी पुन्हा म्हणालो. पुन्हा आला. मग मी गप्प राहिलो, आणि ठोके येतच राहिले. आता त्यांना ताल नव्हता. घाईघाईने, वेडेवाकडे, कुणीतरी बंद दार ठोठावावे तसे. मी घाबरून पुन्हा नाम घेतले. ते लगेच शहाण्यासारखे विसाव्यात बसले.

नामाने भय पळते, हे मी हजारो श्रोत्यांना सांगत आलो आहे. त्या दुपारी नाम घेताना मला असे वाटले, की मी कुणाच्या तरी तोंडावर हात ठेवीत आहे.

३

माझा मुलगा उद्धव गावच्या शाळेत मास्तर होता. श्रमदानाची सारी आखणी त्याची. त्या संध्याकाळी तो शाळेतून येत असता मी ओट्यावरून पाहिले: वळण येताच तो पांधण सोडून धुऱ्यावर चढला, काट्याकुट्यांतून पुढे गेला आणि मग पुन्हा वाटेवर उतरला. त्याच्यामागून येणारी बैलगाडी सरळ त्या जागेवरून गेली. तिचे बैल काही बिचकले नाहीत. बिचकला तो माझा मुलगा.

देवघरात सांजवात लावून मी त्याला समोर बसवले. "उद्धव, त्या जागेवरून तू का चालत नाहीस?"

त्यानेच उलट विचारले, "तुम्हाला ऐकू आलं, नाना?"

"आलं."

"मला वर्षभर येतंय."

मग तो बोलू लागला आणि मध्ये एकदाही थांबला नाही. कड ढासळली तेव्हा तो व केशवराव खाणीच्या तोंडाशीच उभे होते. बाकीची माणसे वळणापुढे कामात होती. पुंजाराम आत होता, हे दोघांनाही ठाऊक होते. त्याच वेळी साहेबांची जीप शिवेवर दिसली. मुरमाखालून ठोके येत होते. पुंजारामच्या हातात दुरमुसाचा दांडा होता. तो त्याने आतून मारीत होता.

"मी फावडं उचललं होतं, नाना. केशवरावांनी हात धरला. म्हणाले, साहेब पाच मिनिटं थांबून जाईल, मग काढू. अपघात झालेला दिसला तर वाट नामंजूर होईल, जीप बंद होईल. म्हणाले, मास्तर, गजर धरा."

"आणि तू?"

"मी धरला. लोकांनी उचलला. साहेब खूश झाले, उतरून त्यांनीही म्हटला. त्यांनी भाषण केलं. ते पाच मिनिटांत गेले नाहीत." "गजर थांबला की ठोका ऐकू यायचा. म्हणून मी थांबू दिला नाही. शेवटी थांबवला, तेव्हा काही ऐकू आलं नाही."

समईची वात मी पुढे सारली, ती केवळ हाताला काही काम हवे म्हणून. चोराने देवाचे दागिने नेल्याचे ऐकले होते. देवाचे नाव झाकण म्हणून कुणी वापरल्याचे ऐकले नव्हते. आणि ते माझ्याच मुखातून शिकलेल्या माझ्या मुलाने वापरले होते.

ज्याने हे सोसले, तो आता काय मागत असेल, हे मला त्या क्षणी कळले. आणि तो कुणाकुणाला मागत असेल, हेही.

४

पुंजारामची विधवा माणिकबाई वाफ्यात वांगी तोडीत होती. मला पाहून तिने पदर डोक्यावर घेतला, परंतु ती उठली नाही.

मी म्हणालो, "माणिकबाई, तुमच्या मालकांना गती मिळालेली नाही. जीवखडा खोटा होता. खरा शोधू, विधी पुन्हा करू. खर्च, खटपट सारी माझी."

"शोधता कायले जी? मले ठाव हाय तो कुठी हाय."

"कुठे आहे?"

तिने मान न उचलता वांग्याचा देठ मोडला. "दहाव्याच्या आदल्या दिवशी म्याच सोडला बाभळीवरून. त्या वळनावर पुरला. मी त्यायले जाऊ देत नाई, महाराज. कुठी जातीन? वैकुंठाले? आनं ह्ये इथं जीपमंधी बसून फिरतीन?"

"मृतात्म्याला अडवून ठेवणं पाप आहे, बाई."

"असन." आता तिने माझ्याकडे पाहिले. "मी बागेत होती त्या दिवशी. ठोके मले आयकू आले. म्या बोंबा मारल्या. तुमच्या गजरात माही बोंब कोनाले आयकू गेली? मले वाटलं, बाई, देवाच्या नावाले कशी आडवी जाऊ! म्हनून मी बी गप झाली."

तिचे डोळे कोरडे होते. मी आयुष्यभर क्षमेवर निरूपणे केली आहेत. त्यांतले एकही वाक्य त्या वाफ्याच्या काठावर उभे राहू शकले नसते.

"माझा मुलगा..." मी म्हणालो.

"ठाव हाय."

"त्याचा पश्चात्ताप खरा आहे. एवढा एक मला..."

"माह्याजवळ काहून मांगता? म्या कोनाले धरलं हाय?" तिने टोपली उचलली. "गजर बंद करा, महाराज. दोघायले तिथं उभं करा. माह्या धन्याले जे आयकाचं असन, ते त्यायले आयकू द्या. मंग ते अन् तुमचा पोरगा पाहून घेतीन."

५

मार्गशीर्षात अवकाळी पाऊस झाला. पांधण ठिकठिकाणी खचली. ती जागा मात्र वर आली. वळणावर कुणी पालथे झोपावे तसा उंचवटा तयार झाला. उत्तम वाटेचे बक्षीस द्यायला साहेब येणार, असा निरोप आला होता. केशवरावांनी सकाळीच पुन्हा श्रमदान बोलावले.

मी पूजा केली. माणसांनी दुरमुस उचलले आणि माझ्याकडे पाहिले.

"आज मी नाम सांगणार नाही," मी म्हणालो.

"मंग आले कायले? नारळ खायले?" केशवराव म्हणाले. "मास्तर, तुमी घ्या."

उद्धवने मान हलवली. तो त्या उंचवट्यापासून हातभर अंतरावर येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याला मागे ओढावे, असे माझ्या हातांना वाटत होते. मी हात पाठीशी बांधले.

दुरमुस गजराशिवाय, बेताल पडू लागले. मग एकेक जोडी थांबली. सारे थांबले. आणि त्या उघड्या सकाळी, कोवळ्या उन्हात, तो ठोका सगळ्यांनी ऐकला. एक. मग आणखी एक. मग घाईघाईने, दार ठोठावल्यासारखे.

"म्हना काई तरी!" केशवराव ओरडले. "तोंडं शिवले काय तुमचे? मास्तर, गजर धरा!"

उद्धव म्हणाला, "तो जिवंत होता." मग त्याने गावाकडे वळून मोठ्याने सांगितले, "पुंजाराम जिवंत होता. आम्हा दोघांना ठाऊक होतं. ठोके ऐकू येऊ नयेत म्हणून मी गजर धरला होता."

ठोके थांबले.

लोकांमधून एक हुंकार गेला. माणिकबाई बागेच्या धुऱ्यावर येऊन उभी होती. केशवरावांनी सगळ्यांकडे पाहिले. एकही नजर त्यांना मिळाली नाही. "पागल झाला हा मास्तर," ते म्हणाले. "घुशीयचं बीळ हाय, दाखवतो तुमाले." त्यांनी टिकाव हिसकावला आणि उंचवट्यावर घातला.

जेथून माझा टिकाव उडाला होता, तेथे त्यांचा टिकाव लोण्यात शिरावा तसा शिरला. त्यांना त्याचे नवल वाटले नाही. ते खणत गेले. गुडघ्याइतके, मग कमरेइतके. "कुठी हाय? दाखवा न! कुठी हाय तो?"

मी काठावरून वाकून पाहिले. खड्ड्याच्या भिंतीत, त्यांच्या पावलांजवळ, दुरमुसाच्या तोंडाएवढे एक गोल भोक होते. त्याच्या आत काहीतरी मागे सरकले. भरलेल्या पंगतीत उशिरा आलेल्याला जागा करून द्यावी, तसे सरकले.

मी ओरडलो की नाही, आठवत नाही. दोन्ही कडा एकदम आत आल्या. धूळ उडाली. ती बसली तेव्हा पांधण सपाट होती, आणि केशवराव नव्हते.

माणसे धावली. टिकाव पडले आणि उडाले, फावड्यांची तोंडे वळली. आणि खालून ठोके येऊ लागले. हे ठोके निराळे होते. मुठींचे, दोन्ही हातांचे.

तेव्हा उद्धव गुडघ्यांवर बसला आणि बोटांनी उकरू लागला. त्याच्या बोटांना माती वाट देऊ लागली. ज्या मातीने टिकाव परतवले, तिने माझ्या मुलाचे मनगट आत घेतले, मग कोपर. मला त्या सोपेपणाचे भय वाटले.

"हात काढ, उद्धव!"

"हाताला हात लागला, नाना." तो थांबला. खांद्यापर्यंत तो मातीत होता, आणि त्याचा गाल जमिनीला टेकला होता. "केशवरावांचा नाही. याच्या दुसऱ्या मुठीत दांडा आहे."

"सोडव!"

"तो सोडत नाही."

मी धुऱ्याकडे धावलो. माझे सारे पांडित्य, सारी सेवा त्या बाईच्या पायांशी मी टाकली. तिने मला शिवू दिले नाही. पण ती खाली उतरली, उद्धवजवळ बसली, आणि चुलीपाशी बसून धन्याशी बोलावे तशा आवाजात जमिनीला म्हणाली, "ह्याले सोडा जी. हा बोलला."

काही क्षण गेले. उद्धवचा हात वर आला. मनगटावर पाच बोटांचे वळ होते, निळे. मी त्याला छातीशी धरले.

"आनं सरपंच?" कुणीतरी विचारले. "त्यायले बी सोडाले सांग न, माणिके!"

ती उठली आणि तिने लुगड्याची माती झटकली. "त्यायनं सांगतलं, की ते बी सुटतीन. माह्या धन्याचा कोनावर राग नाई. त्यायले फक्त आयकाचं हाय."

आम्ही सारे वाकलो. पुतण्या, म्हातारे, बाया. सगळा गाव त्या मुरमाला कान लावून बसला. एक वाक्य पुरेसे होते. ते आम्हांलाही हवे होते. कारण दूर सडकेकडून साहेबांच्या जीपचा आवाज येऊ लागला होता.

खालून केशवरावांचा आवाज आला. खोल, गुदमरलेला, परंतु ओळखू येणारा.

"मास्तर... गजर! गजर धरा... साहेब येऊन राह्यला!"

कुणीही तोंड उघडले नाही. आवाज पुन्हा तेच म्हणाला, आणि पुन्हा. दर वेळी तो थोडा खालून येत होता.

संकट दिसले की माझ्या ओठांवर नाम आपोआप येते. तशीच जडण आहे माझी. त्या वेळीही ते आले. मी ते दातांखाली धरून ठेवले, आणि ऐकत राहिलो.